जुन्या मेकॅनिकल कीबोर्डवर अक्षर दोनदा उमटतं किंवा उमटतच नाही: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं

लक्षणं

यांतलं एखादं जरी तुमच्या कीबोर्डशी जुळत असेल, तर पुढचा क्रम तुमच्यासाठी आहे.

- बटण एकदा दाबलं की अक्षर दोनदा येतं. 'नमन' लिहायला जावं आणि 'ननमन' व्हावं.
- बटण नेहमीसारखं खाली जातं, आवाजही येतो, पण अक्षर येत नाही. जोर दिला किंवा बोटाने थोडं कडेला रेटलं की येतं.
- सुरुवातीची काही मिनिटं त्रास होतो, टाइप करत राहिलं की कमी होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.
- पाच-सहा बटणं एकदम गेली, आणि ती शेजारीशेजारीही नाहीत.
- हात न लावता एखादं अक्षर धावत सुटतं.
- बटण दाबलं एक, उमटलं भलतंच.
- कॉम्प्युटर कीबोर्ड ओळखतच नाही, किंवा दिवे क्षणभर लागून विझतात.
- कीबोर्ड तिरपा केला की आत बारीक काहीतरी खुळखुळतं.

वर्षानुवर्षं पडून असलेल्या कीबोर्डवर यातल्या पहिल्या तीन तक्रारी इतक्या वेळा येतात की त्याला मी बिघाड म्हणतच नाही. बहुतेक वेळा सोल्डरिंग गन न तापवता काम होतं. तरीही लोक सगळ्यात आधी गन हातात घेतात, बटणाखालचे स्विच उपटतात आणि दोष केबलमध्ये निघतो. म्हणून एकच आग्रह आहे: बाहेरून आत या, आणि प्रत्येक पायरीवर दोष अजून आहे का ते पाहूनच पुढे जा. जितकं आत जाल तितकं परत फिरणं अवघड होत जातं, आणि तीस-चाळीस वर्षांचं प्लास्टिक दुसरी संधी देत नाही.

आधी कोणता स्विच आहे ते बघा

एक कॅप, म्हणजे बटणाची वरची टोपी, सरळ वर ओढून काढा. आत अधिक चिन्हासारखा दांडा दिसला तर तो चेरी कंपनीचा एमएक्स किंवा त्याच घराण्यातला. आयताकृती खाच असलेला दांडा दिसला तर आल्प्स कंपनीचा. दांडाच नाही, पोकळ नळी आणि तिच्यात उभी स्प्रिंग असेल तर आयबीएमचा बकलिंग स्प्रिंग, म्हणजे मॉडेल एफ किंवा मॉडेल एम.

हे आधी कळायला हवं, कारण एकाला लागू पडणारी तपासणी दुसऱ्याला निरुपयोगी ठरते. एमएक्स आणि आल्प्समध्ये धातूला धातू टेकतो, त्यामुळे तिथे मल्टीमीटर चालतो. मॉडेल एम मध्ये स्प्रिंग वाकते, खालचा छोटा हातोडा प्लास्टिकच्या पातळ थरांच्या पडद्यावर आपटतो आणि पडद्याच्या थरांवरच्या रेघा एकमेकींना टेकतात. १९८१च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या मॉडेल एफ मध्ये काहीच टेकत नाही, कंट्रोलर, म्हणजे कीबोर्डमधली नियंत्रक चिप, कपॅसिटन्समधला (वीज साठवण्याच्या क्षमतेतला) फरक मोजतो. हॉल इफेक्टच्या स्विचमध्ये चुंबक असतो. या शेवटच्या दोन प्रकारांवर मल्टीमीटर लावून 'स्विच मेला' असा निकाल देणं सरळ चुकीचं आहे.

मग नकाशा काढा

कागदावर कीबोर्डची मांडणी काढा. प्रत्येक बटण सावकाश आठ-दहा वेळा दाबा: मधोमध, मग चारही कडांवर. दोनदा उमटलं तर एक खूण, उमटलंच नाही तर दुसरी, कधीकधी चुकतं त्याला तिसरी. साधा नोटपॅड पुरतो, पण दाबलेलं आणि सोडलेलं दोन्ही दाखवणारा की-टेस्टर असेल तर उत्तम. पॉज बटणावर घाईने फुली मारू नका. जुन्या पीएस/२ कीबोर्डवर ते सोडल्याचा संकेत पाठवतच नाही, त्यामुळे टेस्टरवर ते विचित्र वागताना दिसतं.

हा कागद दहा मिनिटं खातो आणि अर्धं निदान करून देतो. विखुरलेली एक-दोन बटणं बिघडली असतील तर दोष त्याच स्विचमध्ये. बरीच बटणं एकदम आणि पूर्ण गेली असतील तर दोष एका सामायिक तारेत. कीबोर्डच्या आत बटणं आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत जोडलेली असतात, आणि जाळीतली ओळ डोळ्यांना दिसणाऱ्या ओळीशी जुळेलच असं नाही, म्हणून ही बटणं विखुरल्यासारखी भासतात. एकाच कोपऱ्यातली बटणं आजारी असतील तर तिथे कधीतरी काहीतरी सांडलेलं आहे. सगळीच गेली असतील तर स्विचकडे बघूही नका, केबल, कन्व्हर्टर (जुना प्लग नव्या पोर्टला जोडणारा भाग) आणि कंट्रोलर एवढ्यातच शोधा.

पायरी १: कॉम्प्युटरची सेटिंग

फुकटची तपासणी, म्हणून पहिली. विंडोजमध्ये उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की फिल्टर कीज ही सोय चालू करण्याचा प्रश्न पडद्यावर येतो, आणि घाईत कुणीतरी हो म्हणून टाकतं. ती चालू असेल तर पटकन दाबलेली बटणं कॉम्प्युटर मोजतच नाही. कीबोर्ड ठणठणीत असतो आणि मालक नवे स्विच शोधत असतो. ती बंद आहे ना, आधी बघा.

दुसरं, अक्षर किती वेळाने दोनदा येतं ते पाहा. साधारण अर्ध्या सेकंदाने दुसरं अक्षर आलं तर बटण वर यायला उशीर करतंय आणि कॉम्प्युटर ते 'धरून ठेवलेलं' समजतोय. हा दोष घर्षणाचा, तिसऱ्या पायरीवर सुटेल. दोन्ही अक्षरं डोळ्याला एकत्रच आल्यासारखी दिसली तर तो कॉन्टॅक्टचा दोष.

तो कसा होतो ते इथेच सांगतो. धातूचे दोन तुकडे एकमेकांवर आदळले की लगेच स्थिर होत नाहीत, क्षणभर थरथरतात. चेरी एमएक्सच्या माहितीपत्रकात नव्या स्विचची ही थरथर ५ मिलिसेकंदांपेक्षा कमी सांगितलेली असते, आणि कंट्रोलर तेवढा वेळ दुर्लक्ष करतो. कॉन्टॅक्टवर धूळ किंवा पातळ थर बसला की थरथर लांबते, कंट्रोलरच्या संयमापलीकडे जाते आणि त्याला दोन दाब दिसतात. आधुनिक कंट्रोलर बसवून त्यात क्यूएमके हे फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) घातलेलं असेल तर ही दुर्लक्ष करण्याची, म्हणजे डिबाउन्स वेळ मूळच्या ५ वरून १० किंवा १५ मिलिसेकंदांपर्यंत वाढवता येते. मूळ कंट्रोलर असेल तर ती चिपमध्ये कायमची ठरलेली आहे. तसंही वेळ वाढवणं म्हणजे दोष झाकणं. काम अडलं असेल तेव्हा जरूर करा, पण सफाई टाळायला नको.

शेवटी कीबोर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. दोष तिथेही तसाच असेल तरच पुढे.

पायरी २: केबल, पिन आणि कन्व्हर्टर

पाच पिनांचा गोल मोठा प्लग दिसला की लोक त्याला सरसकट एटी, म्हणजे आयबीएमच्या पीसी एटीचा, म्हणतात. त्याआधीच्या मूळ पीसी आणि पीसी एक्सटीचा प्लगही अगदी तसाच आहे, पण दोघांची भाषा वेगळी. एटी १९८४मध्ये आला तेव्हा कीबोर्डचा प्रोटोकॉल बदलला. एक्सटी कीबोर्ड एटीच्या पोर्टवर गप्प बसतो किंवा भलतंसलतं बोलतो. त्या काळच्या बऱ्याच कीबोर्डच्या तळाशी, कधीकधी झाकणाखाली, एक्सटी आणि एटी असं लिहिलेला सरकता स्विच असतो. तो चुकीच्या बाजूला असणं हे 'मेलेल्या' कीबोर्डचं फार सामान्य कारण आहे. काही वेळा तो जागेवर असतो पण आत थर बसलेला असतो, दहा-बारा वेळा इकडेतिकडे सरकवा.

१९८७मध्ये आलेला सहा पिनांचा पीएस/२ प्लग एटीच्याच भाषेत बोलतो, त्यामुळे एटी ते पीएस/२ साधा जोड पुरतो. यूएसबीला मात्र साधा जोड चालत नाही. माउसबरोबर येणारे ते छोटे जांभळे-हिरवे जोड फक्त तारा इकडच्या तिकडे करतात, आणि कीबोर्डला स्वतःला यूएसबी कळत असेल तरच उपयोगी पडतात. जुन्या कीबोर्डला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, आणि एक्सटीसाठी एक्सटी समजणारा. मॉडेल एम सारखे जुने कीबोर्ड आजच्यांपेक्षा जास्त करंट खातात. स्वस्त कन्व्हर्टरला तो झेपत नाही आणि मग अक्षरं गळतात, दिवे विझतात. शक्य असेल तर दुसऱ्या प्रकारचा कन्व्हर्टर लावून बघाच. सगळीच बटणं अधूनमधून चुकत असतील तर मला पहिला संशय कन्व्हर्टरचाच येतो.

ॲपलच्या जुन्या कीबोर्डना, म्हणजे १९८७चा एक्स्टेंडेड कीबोर्ड आणि त्याच्या भावंडांना, चार पिनांची एडीबी (ॲपलची स्वतःची जोडणी) केबल लागते. ती मिळाली नाही तर एस-व्हिडिओची केबल त्याच खाचेत बसते आणि काम देते.

पीएस/२, एटी किंवा एडीबीची केबल चालू कॉम्प्युटरमध्ये घालू-काढू नका. पोर्ट जाऊ शकतो. बंद करा, लावा, चालू करा.

मग केबल कीबोर्डमध्ये शिरते त्या जागी धरून हळूच हलवत टाइप करा. अक्षरं येत-जात असतील तर तार आतून तुटली आहे. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (तार सलग असली की बीप देणाऱ्या मोडवर) ठेवून एकेक तार तपासा, तपासताना केबल वाकवत राहा. बीप मध्येच थांबला की जागा सापडली.

पायरी ३: बाहेरची सफाई

आधी फोटो काढा, मग कॅप. तारेचा पुलर वापरा. प्लास्टिकचा गोल पुलर कॅपच्या कडा ओरबाडतो. आल्प्सच्या कॅप अगदी सरळ वर ओढा, तिरक्या ओढल्या तर जुना दांडा आतच मोडतो. स्पेसबार आणि एंटरखाली लांब बटण सरळ ठेवणारा तारेचा स्टॅबिलायझर असतो, तो कसा अडकवला आहे ते पाहिल्याशिवाय जोर लावू नका.

कॅप कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घालून भिजवा. कढत पाणी नको, एबीएस प्लास्टिकच्या कॅप वाकतात. वाळायला दिवसभर द्या, दांड्याच्या खाचेत पाणी राहतं. तोवर कीबोर्ड उलटा धरून मऊ ब्रशने झाडा. आत जे जमलेलं असतं ते बघून दचकू नका, तीस वर्षांचे केस आणि कण एका दिवसात जमलेले नाहीत.

कॅप परत बसवण्याआधी एक साधी चाचणी करा: आजारी बटणाची कॅप आणि शेजारच्या चांगल्या बटणाची कॅप अदलाबदल करा. दोष कॅपबरोबर शेजारी गेला तर कॅपचा दांडा चिरला आहे किंवा कॅप वाकून शेजारणीला घासते आहे. स्विचला हात लावायची गरजच उरत नाही. दोष जागेवरच राहिला तर पुढे चला.

पायरी ४: नुसतं दाबत राहणं

आजारी बटण भराभर, पूर्ण खालपर्यंत, शंभरेक वेळा दाबा. ऐकायला बालिश वाटतं, पण पडून राहिलेल्या कीबोर्डवर याने सुटलेली बटणं मी इतकी पाहिली आहेत की ही पायरी मी कधीच गाळत नाही. कॉन्टॅक्टवर बसलेला पातळ थर आपटण्याने तुटतो. चेरीच्या कॉन्टॅक्टवर सोनं असतं, ते गंजत नाही. पण त्याच्यावर धूळ आणि तेलकट वाफेचा थर बसायला सोन्याची हरकत नसते.

यानंतर नकाशा पुन्हा काढा. सुधारणा झाली असेल तर आठवडाभर रोज त्या कीबोर्डवर लिहा. टिकली तर काम झालं. परत आली तर थर जाड आहे, आता तो विरघळवायचा.

पायरी ५: हवा आणि अल्कोहोल

इथे एमएक्स आणि आल्प्सचे रस्ते वेगळे होतात.

एमएक्ससाठी ९० टक्क्यांहून शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ९९ टक्के मिळालं तर फारच छान. केबल काढून ठेवा. दांडा दाबून धरा, कडेच्या फटीतून एक-दोन थेंब सोडा आणि लगेच पन्नासेक वेळा दाबा. कीबोर्ड उलटा करून काही तास राहू द्या. पूर्ण सुकल्यावरच जोडा. एकदा करून थोडा फरक पडला आणि पूर्ण गेला नाही, तर दुसऱ्यांदा करायला हरकत नाही.

आल्प्समध्ये द्रव ओतू नका, हे माझं ठाम मत आहे. या स्विचची मजा त्याच्या दांड्याच्या गुळगुळीत सरकण्यात आहे. कारखान्यात दिलेलं कोरडं वंगण अल्कोहोलने वाहून जातं, आणि वरची धूळ द्रवाबरोबर आत जाऊन बसते. बटण अक्षर देऊ लागतं, पण बोटाला कायमचं खरखरीत लागतं. आल्प्सला दांडा दाबून धरून फक्त डब्यातली दाबाची हवा मारा. डबा उभा धरा. आडवा धरला तर आतला थंड द्रव फवारला जातो.

दोन्हींत गंज सोडवणारं तेल, शिलाई मशीनचं तेल, सुगंधी स्प्रे यातलं काहीही घालू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग त्याच तेलावर धूळ चिकटते. कॉन्टॅक्ट क्लीनर वापरायचाच असेल तर प्लास्टिकला चालणारा, आणि थेंबभर.

पायरी ६: उघडून बघणं, आणि चिमट्याची चाचणी

आता झाकण. स्क्रू लेबलखाली दडलेले असू शकतात. स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर कडेला खटके आहेत, प्लास्टिकच्या पट्टीने एकेक सोडवा. स्क्रूड्रायव्हर खुपसला तर व्रण राहतो आणि खटका मोडतो.

सर्किट बोर्ड तिरप्या प्रकाशात धरा. हिरवट ठिपके, वाळलेल्या द्रवाचे डाग, आणि सोल्डरच्या थेंबाभोवतीची बारीक गोल भेग शोधा. ही भेग म्हणजे ड्राय सोल्डर, आणि ती बहुधा जिथे जोर जास्त पडतो तिथे सापडते: एंटर, स्पेसबार, बॅकस्पेस. 'जोरात दाबलं की उमटतं' या तक्रारीच्या मागे पुष्कळदा हीच असते. गनचं टोक टेकवून थोडं ताजं सोल्डर दिलं की दोन सेकंदांत काम संपतं.

भेग दिसली नाही तर या पोस्टमधली सगळ्यात मोलाची चाचणी करा. कीबोर्ड उघडाच कॉम्प्युटरला जोडा. बोर्ड कोरड्या, धातू नसलेल्या पृष्ठभागावर ठेवा. आत ५ व्होल्ट असतात, तुम्हाला धक्का बसत नाही. आजारी स्विचचे दोन पाय बोर्डच्या मागच्या बाजूने शोधा आणि बारीक चिमट्याच्या टोकांनी ते दोनच एकमेकांना जोडा. शेजारच्या ट्रॅकला (बोर्डवरच्या तांब्याच्या रेघेला) किंवा चिपच्या पायांना चिमटा लागू देऊ नका.

अक्षर स्वच्छ उमटलं तर ट्रॅक, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), कंट्रोलर, केबल सगळं निर्दोष आहे आणि दोषी स्विच एकटा. अक्षर आलं नाही तर स्विच निर्दोष असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तो काढून नवा लावणं म्हणजे वाया गेलेली संध्याकाळ. एका चिमट्याने कीबोर्डचे दोन भाग होतात आणि पुढे कुठल्या भागात शोधायचं हे कळतं. एमएक्स आणि आल्प्सवर ही चाचणी केल्याशिवाय कुठलाही स्विच काढू नका.

अक्षर आलं नाही तर मल्टीमीटर घ्या आणि कीबोर्डची केबल काढा. स्विचच्या पायापासून त्याच ओळीतल्या पुढच्या, चालू असलेल्या स्विचच्या पायापर्यंत बीप येतो का बघा. नसेल तर त्या दोघांमध्ये ट्रॅक तुटला आहे. पातळ इन्सुलेटेड तारेने मागच्या बाजूने दोन पाय जोडा. दिसायला सुंदर नसतं, पण पक्कं असतं. काही बोर्डवर प्रत्येक बटणाला एकेक डायोड असतो. मीटरच्या डायोड मोडवर एका दिशेने साधारण ०.५ ते ०.७ व्होल्ट दिसायला हवेत, दुसऱ्या दिशेने काही नाही. दोन्हीकडे सारखंच दिसलं तर डायोड बदला, भाग किरकोळ असतो.

पायरी ७: स्विच उघडणं, आणि अगदी शेवटी बदलणं

चिमट्याने स्विच दोषी ठरला आणि सफाईने सुटला नाही, तर तो उघडायचा.

चेरीच्या जुन्या जी८०-१००० आणि जी८०-३००० मालिकेतल्या बहुतेक कीबोर्डमध्ये स्विच थेट बोर्डवर बसवलेले असतात, मध्ये धातूची प्लेट नसते. तिथे एमएक्सच्या वरच्या झाकणाचे चार खटके सोडवून स्विच जागेवरच उघडता येतो. प्लेट असेल तर ती खटके दाबून ठेवते आणि डीसोल्डर केल्याशिवाय, म्हणजे सोल्डर वितळवून पाय सोडवल्याशिवाय, झाकण निघत नाही. आल्प्सचं वरचं झाकण प्लेट असतानाही दोन बाजूंचे खटके एकदम दाबून वर काढता येतं. ते खटके जुने आणि ठिसूळ असतात, म्हणून खोलीत ऊब असताना, सावकाश.

एमएक्स उघडल्यावर कॉन्टॅक्टची पातळ पत्ती दिसेल. अल्कोहोलने ओला केलेला स्वच्छ कागदाचा अरुंद तुकडा दोन कॉन्टॅक्टच्या मधून अलगद ओढा, एक-दोनदा. सँडपेपर किंवा फाइल नको. सोन्याचा थर इतका पातळ असतो की एका घासण्यात निघून जाईल. पत्ती वाकवून 'जवळ आणणं'ही टाळा, दाबाचा बिंदू बदलतो आणि ते बटण हाताला कायम परकं लागतं.

आल्प्सचा कॉन्टॅक्ट बंद पुडीसारख्या छोट्या भागात असतो आणि त्याचेच पाय बोर्डला सोल्डर केलेले असतात. वरून उघडून दांडा, स्प्रिंग आणि पत्ती साफ करता येते, पण पुडी बदलायची तर डीसोल्डर करणं भाग आहे.

बदलायचा स्विच बाहेर शोधण्याआधी याच कीबोर्डवर बघा. स्क्रोल लॉकखालचा स्विच त्याच वयाचा, त्याच कारखान्यातला आणि जवळजवळ न वापरलेला असतो. तो 'अ'च्या जागी आणा, आजारी त्याच्या जागी. हाताला सगळी बटणं एकसारखी लागतात, आणि याच समाधानासाठी आपण हे कीबोर्ड जपतो.

डीसोल्डर करताना गन ३२० ते ३५० अंशांवर ठेवा. जुन्या सांध्यावर आधी थोडं ताजं सोल्डर द्या, मगच पंपाने ओढा. एकटं जुनं सोल्डर नीट वितळत नाही. एका ठिकाणी तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. पाय भोकात मोकळा हलतो याची खात्री झाल्याशिवाय स्विच ओढू नका, नाहीतर त्याच्याबरोबर बोर्डवरचं तांब्याचं कडं उचलून येतं. जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं. खिडकी उघडी ठेवा, नंतर हात धुवा.

मॉडेल एम, मॉडेल एफ आणि स्पंजवाले

मॉडेल एम वर एखादं बटण 'टण्ण' वाजत नसेल आणि मऊ लागत असेल, तर स्प्रिंग जागेवरून सरकली आहे. कॅप काढा, कीबोर्ड असा उभा करा की स्पेसबारची कड छताकडे राहील, आणि त्याच स्थितीत कॅप परत बसवा. स्प्रिंग योग्य बाजूला झुकते आणि कॅपच्या आत नीट बसते. एक मिनिटाचं काम आहे.

आतला खुळखुळाट वेगळी गोष्ट सांगतो. मॉडेल एमची लोखंडी पाठ प्लास्टिकच्या रिव्हेटांनी धरलेली असते. वयाने त्यांची डोकी तुटतात, आत खुळखुळतात, आणि पाठ व प्लास्टिकची चौकट एकमेकांपासून सुटू लागतात. मग पडदा दाबला जात नाही आणि एका पट्ट्यातली बटणं कमकुवत होतात. झाकणाच्या चार षट्कोनी स्क्रूंना ५.५ मिमीचा पातळ भिंतीचा नट ड्रायव्हर लागतो. जाड पान्हा त्या खोल भोकात जात नाही. दोन-चार रिव्हेट गेले असतील आणि बटणं नीट असतील तर हात लावू नका. एका भागातले बरेच गेले असतील तर सगळे काढून एम२ स्क्रू आणि नट लावतात. नाजूक ड्रिलिंगचा हात असेल तरच याला सुरुवात करा. पडद्यावर कधी द्रव सांडला असेल तर रेघा गंजतात, अशा वेळी नवा पडदा हाच उपाय.

मॉडेल एफ मध्ये आतला स्पंज विरून भुकटी होतो आणि बटणांचं अंतर बिघडतं. की ट्रॉनिकच्या स्पंज आणि फॉइलच्या कीबोर्डमध्ये, जे ॲपल लिसा आणि कॉम्पॅक पोर्टेबलवर होते, प्रत्येक बटणाखाली स्पंजची चकती असते. ती सगळ्यांची साधारण एकाच काळात मरते, त्यामुळे एकेक बटण दुरुस्त करत बसू नका. चकत्यांचा पूर्ण संच बदला.

इथे थांबा आणि जाणकाराकडे न्या

कीबोर्ड जोडल्यावर काही गरम झालं, जळका वास आला किंवा कॉम्प्युटरचा पोर्ट बंद पडला: लगेच काढा, परत जोडून बघू नका.

चिमटा, ट्रॅक, डायोड, केबल सगळं तपासलं आणि तरी ओळच्या ओळ मेलेली आहे: दोष कंट्रोलर चिपचा असू शकतो. आयबीएम पीसीच्या कीबोर्डमध्ये इंटेल ८०४८ होता. अशा चिपमध्ये त्या कीबोर्डचा प्रोग्राम कारखान्यातच कोरलेला असतो, दुकानातून आणलेली कोरी चिप तिथे चालत नाही. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड किंवा नवा कंट्रोलर जोडणं हे जाणणाऱ्याचं काम आहे.

तांब्याची एकापेक्षा जास्त कडी उचलली गेली, किंवा हिरवा गंज चिपच्या पोटाखाली शिरला: आणखी उष्णता देऊ नका.

कीबोर्ड टर्मिनलचा (मोठ्या कॉम्प्युटरला जोडायच्या जुन्या पडदा-कीबोर्ड संचाचा) आहे आणि पिनांची माहिती हाताशी नाही: जोडूच नका. काहींना ५ व्होल्टशिवाय आणखी व्होल्टेज लागतात, आणि चुकीच्या पिनवर दिलेली वीज चिप एका क्षणात घालवते. हॉल इफेक्ट स्विच बंद पडले असतील तरी हेच.

एकच बटण सफाईनंतर दोनदा बरं होऊन तिसऱ्यांदा बिघडलं आणि तुम्ही कधी डीसोल्डर केलेलं नाही: शिकायला भंगारातला बोर्ड घ्या, हा कीबोर्ड नको.

नेताना अशा माणसाकडे न्या जो सुटे भाग सोल्डर करून दुरुस्त करतो. नुसते बोर्ड बदलणाऱ्याकडे या कीबोर्डचा बोर्ड मिळणार नाही. नकाशा, फोटो आणि काय काय करून झालं याची यादी सोबत द्या, विशेषतः कोणत्या स्विचमध्ये कोणता द्रव घातला ते. काढलेला प्रत्येक स्विच आणि स्क्रू परत मागा.

दुरुस्तीनंतर कीबोर्ड कपाटात ठेवू नका. त्यावर लिहा. पत्र, हिशोब, काहीही. कॉन्टॅक्ट वापराने स्वच्छ राहतात, आणि न वापरलेल्या बटणांवरच थर आधी बसतो. म्हणून महिन्यातून एकदा वरच्या एफ ओळीतली आणि उजवीकडच्या आकड्यांची सगळी बटणंही वीसेक वेळा दाबा. काम संपलं की वर कापड टाका, आणि केबल घट्ट गुंडाळू नका, सैल वेटोळं पुरे.